भरतळ्यात बुडवलेले दोन शब्द

एकदा काय झालं… म्हणजे झालं नाही अजून, व्हायचं आहे. तुमच्या नातवंडांना नातवंडं होतील ना, त्यांच्याही पुढची ही गोष्ट. पण व्हायची गोष्ट सांगताना जीभ अडखळते, म्हणून मी ती झाल्यासारखीच सांगते. चालेल ना? बरं.

तर एक होतं गाव. गावाचं नाव भरतळं. मधोमध भलंमोठं तळं आणि तळ्याभोवती गोल घरं. त्या तळ्याची एक गंमत होती बरं का. सकाळी घाटावर जायचं, रिकामी पाटी दोरीनं पाण्यात सोडायची आणि काय हवं ते सांगायचं. तांदूळ म्हटलं तर तांदूळ. लुगडं म्हटलं तर लुगडं, तेसुद्धा कोरडं ठणठणीत. कुणी औषध मागे, कुणी खेळणं मागे, कुणी नुसतं गूळखोबरं. तळ्यानं कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

मग काय, त्या गावात कुणी उपाशी नव्हतं. कुणाच्या दाराला कडी नव्हती. ताप आला तर दुपारपर्यंत उतरायचा. म्हातारी माणसंसुद्धा हसत हसत म्हातारी व्हायची. कुणी कुणाचं काही चोरत नसे. चोरायचं कशाला? पाटी सोडली की झालं.

म्हणून एका वर्षी गावानं मोठा समारंभ केला. एक काळा दगड आणला. त्याच्यावर दोन शब्द कोरले. एक शब्द 'हाव' आणि दुसरा 'दांडगाई'. हे आता आपल्या गावात राहिलेलं नाही, मग शब्द तरी कशाला ठेवायचे, असं सगळ्यांचं मत पडलं. ढोल वाजवत तो दगड होडीत घातला आणि तळ्याच्या मध्यावर नेऊन बुडवला. पुस्तकांतूनही ते दोन शब्द खोडून टाकले. मग सत्तर वर्षं गेली. लोक ते शब्द पार विसरले.

अशा त्या गावात राहायची मथू. नऊ वर्षांची. नाव मथुरा, पण तिला मथुरा कुणी म्हणत नसे. अंगानं बारीक, बोलायला कमी, आणि वेणी अशी घट्ट की डोळे जरा तिरपे दिसायचे. आई तिची बागेत फुलं लावायची, बाबा बासरी वाजवायचे. दोघंही मायाळू. मथूला कशाचीच उणीव नव्हती.

आणि त्याच गावात होती कमळजा. अकरा वर्षांची, उंच, दिसायला छान. तिचे वडील विश्रामदादा गावाचे प्रमुख होते. आई घरोघरी जाऊन गाणं शिकवायची. कमळजाच्या घरी खेळण्यांच्या चार खोल्या होत्या. चार, बरं का.

तळ्याच्या काठावर कदंबाचं एक झाड होतं. त्याच्या फांदीला झोपाळा. पोरं पाळीपाळीनं बसायची. एके दिवशी मथूची पाळी आली आणि कमळजा उतरेचना. मथू हळूच म्हणाली, की आता माझी पाळी आहे. झालं. कमळजाला आजवर असं कुणी म्हटलंच नव्हतं. ती खाली उतरली, मथूकडे बघितलं आणि म्हणाली, "हा झोपाळा माझा आहे. तू बसायचं नाहीस. आजपासून कधीच नाही."

मथूला आधी समजलंच नाही. झोपाळा काय, हवे तितके मिळत होते. तिनं पाटी सोडली आणि दुसरा झोपाळा मागितला. आंब्याला बांधला. तर कमळजा तिथं आली आणि त्याच्यावरही बसून राहिली. मथूनं तिसरा बांधला, तर तिसऱ्यावर. कमळजाला झोपाळा नको होता, बाळांनो. मथूनं बसायला नको होतं.

मग काय झालं, कमळजानं सगळ्या मुलींना सांगितलं, की जी मथूशी बोलेल तिच्याशी मी बोलणार नाही. आता कमळजाशी न बोलून कसं चालेल? सगळे खेळ तीच ठरवायची. मग मथू आली की सागरगोटे खेळणाऱ्या मुली गोटे मुठीत धरून गप्प बसायच्या. मथू गेली की पुन्हा खेळ सुरू. मथू घराच्या मागे जाऊन एकटीच सागरगोटे उडवायची. एकटीनं खेळलं की आपण नेहमी जिंकतो, पण त्यात काही मजा नसते.

तरी मथू रडली नाही हं. कारण तिच्यापाशी ढवळू होता.

ढवळू म्हणजे बगळ्याचं पिल्लू. वाऱ्यानं घरट्यातून पडलेलं. पाय मोडला होता. मथूनं त्याच्या पायाला बांबूची काडी बांधली, एकवीस दिवस त्याला मांडीवर घेऊन बसली, ओंजळीतून पाणी पाजलं. मोठा झाला तरी ढवळू जरा लंगडायचाच. पण मथूनं काठावर उभं राहून जिभेनं 'टक टक' केलं, की असेल तिथून उडत यायचा आणि तिच्या पायाशी उभा राहायचा. दुसऱ्या कुणाच्या हाकेला यायचा नाही.

कमळजानं हे पाहिलं. मग ती घाटावर गेली आणि तळ्याकडे बगळा मागितला. तळ्यानं दिला. दुधासारखा पांढरा, पायात चांदीचा वाळा. ठेवला तिथं उभा राहिला, पण कमळजाकडे वळून बघेना. तिनं दुसरा मागितला. तो तर आणखी देखणा. तोही बघेना. तिसरा मागितला, त्याच्या डोक्यावर सोन्याचा तुरा. तोही तसाच. तळं वस्तू देई, पाखरूसुद्धा देई, पण माया कुठून देणार? ती एकवीस दिवस मांडीवर घेऊन बसावं तेव्हा होते.

मग एके दुपारी मथूनं 'टक टक' केलं आणि ढवळू आला नाही. पुन्हा केलं, आला नाही. तिसऱ्यांदा केलं. तेव्हा लांबून त्याचा आवाज आला, पण तो आला नाही. कमळजानं त्याला पकडून मागच्या अंगणात खुंटीला बांधलं होतं. मथू धावत गेली. कमळजा दारात उभी राहिली आणि म्हणाली, की हा आता माझा आहे, तू तळ्यातून दुसरा घे. मथूला तिच्या पाठीमागून ढवळू दिसत होता. त्याच्यापुढे मासे पडले होते. तो खात नव्हता.

त्या दिवशी मथू रडली.

रडत रडत ती आईकडे गेली. आईनं तिला जवळ घेतलं, डोळे पुसले, काय झालं विचारलं. मथूनं सांगितलं. पण तिला शब्दच सापडेनात. ती म्हणाली, कमळजानं ढवळूला नेलं. आई म्हणाली, खेळायला नेलं असेल, आणेल परत. मथू म्हणाली, मुली बोलत नाहीत. आई म्हणाली, खेळात रमल्या असतील. नाहीतर आपण तळ्यातून आणखी एक बगळा घेऊ या का?

मग मथू शाळेत बाईंकडे गेली. बाई फार चांगल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, की मुद्दाम कुणाला दुःख देणं आपल्या गावात होत नाही गं. तुला तसं वाटलं असेल.

मग मथू धीर करून थेट विश्रामदादांकडे गेली. ते कमळजाचे वडील, आणि गावाचे प्रमुखही. त्यांनी तिला लाडू दिला. म्हणाले, तुला काय हवं ते तळ्यातून घे, बाळ, इथं कुणाला कशाची कमी नाही. आणि पुढच्या माणसाशी बोलायला लागले.

बघा हं, कुणीही रागावलं नाही. सगळे गोडच बोलले. पण त्या गोड बोलण्यानं मथूच्या पोटात जास्तच दुखायला लागलं. तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. सगळं गाव सुखी आहे, मग आपल्यालाच का दुखतंय?

लाडू तसाच हातात धरून ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसली. तिथं नरहरतात्या होडीला तेल लावत होते. तात्या म्हणजे गावातले सगळ्यांत म्हातारे. दात दोनच, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी विचारलं, की लाडू खात का नाहीस? मथूनं तेच सगळं चौथ्यांदा सांगितलं. तात्यांनी तेलाचा बोळा खाली ठेवला.

ते तिच्या शेजारी पायरीवर येऊन बसले. मग म्हणाले, "पोरी, तुला जे होतंय त्याला नाव आहे. मी सात वर्षांचा होतो तेव्हा आम्ही ते बुडवलं. मी ढोलाच्या पुढे नाचलो होतो. आम्हाला वाटलं, नाव गेलं की गोष्टही गेली."

मथूनं विचारलं, नाव काय? पण तात्यांना ते आठवेना. सत्तर वर्षांत ते कुणी उच्चारलंच नव्हतं. मग तात्यांनी तिला होडीत बसवलं आणि वल्ही मारत तळ्याच्या मध्यावर नेलं. दुपारची उन्हं पाण्यावर चकचकत होती. मथूनं पाटी सोडली. आता मागायचं काय? ती वाकून पाण्याला म्हणाली, "मला काय होतंय ते सांगता येत नाही. सांगता येईल असं काहीतरी दे."

दोरी ताणली गेली. दोघांनी ओढली, हलेना. पुन्हा ओढली. होडी कलली, पाटी तिथंच. तिसऱ्यांदा तात्यांनी वल्ह्याला दोरीचा वेढा दिला, मथूनं पाय रोवले, आणि गप्पकन पाटी वर आली. पाटीत काळा दगड. शेवाळानं माखलेला. मथूनं आपल्या परकराच्या घोळानं तो पुसला. आतून अक्षरं दिसायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव नेहमीसारखं पाट्या घेऊन घाटावर आलं, तर पहिल्याच पायरीवर दगड. शेजारी तात्या आणि मथू. लोक थांबले. कुणीतरी अक्षर अक्षर जुळवून वाचलं. 'हाव.' मग 'दां-ड-गा-ई.' हे काय असतं, असं एकमेकांना विचारायला लागले. तात्यांनी जेवढं आठवलं तेवढं साध्या शब्दांत सांगितलं. आपल्यापाशी असूनही दुसऱ्याकडचं आपल्यालाच हवं असं वाटणं, ती हाव. आणि आपल्यात जोर आहे म्हणून दुसऱ्याला दाबणं, ती दांडगाई.

मग सहा वर्षांची शेवंता होती ना, ती आईच्या पदरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हे मला माहीत आहे. हे झोपाळ्यापाशी होतं."

मग दुसरी एक मुलगी बोलली. मग तिसरी. आम्ही मथूशी बोलत नव्हतो, म्हणाल्या, आम्हाला भीती वाटायची. मुलींचं ऐकून एक म्हातारी पुढे आली. केरूनाना रोज सात पाट्या भांडी नेतात आणि त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, असं ती म्हणाली. केरूनाना ओशाळले. विश्रामदादा सगळ्यांत मागे उभे होते. गावाचं प्रमुखपद एकेका वर्षाचं असायचं बरं का. पण दरवर्षी निवडीच्या दिवशी हेच आधी उठायचे आणि लोकांना नाही म्हणवायचं नाही. अशी नऊ वर्षं झाली होती. त्यांनी दगडाकडे बघितलं आणि मान खाली घातली. मथूची आई तर मथूपाशी आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "तू मला सांगत होतीस. मी ऐकलंच नाही गं." मथूनं आईच्या कुशीत डोकं खुपसलं. पोटातलं दुखणं एकदम निम्मं झालं.

आता तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. थांबा.

शब्द सापडला ना, तसा तो सगळ्यांना वापरावासा वाटला. पोरं कमळजाच्या मागे लागली. दांडगी, दांडगी, असं ओरडायला लागली. मोठी माणसंही तिच्याकडे बोट दाखवायला लागली. कुणी म्हणालं, हिला झोपाळ्यावर बसू देऊ नका. कुणी म्हणालं, हिच्याशी बोलूच नका. कुणी म्हणालं, हिच्या चारही खोल्या रिकाम्या करा. कमळजा गर्दीच्या मधोमध उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती गर्दीतून वाट काढत पळत सुटली.

मथूला आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? खूप बरं वाटलं. पण मग तिनं मुलींकडे पाहिलं. त्यांची तोंडं कालच्यासारखीच दिसत होती. मुठी मिटलेल्या, डोळे दुसरीकडे. काल हे तिच्यासाठी होतं, आज कमळजासाठी. मथूला ते बघवेना. ती आईचा हात सोडून कमळजाच्या मागे गेली.

कमळजा मागच्या अंगणात होती. खुंटीपाशी मातीत बसलेली. पुढ्यात ढवळू, मान पोटात घालून. कमळजा त्याच्यापुढे एक मासा धरून त्याला विनवत होती, खा ना, खा ना. तो खात नव्हता. मथूची चाहूल लागली तशी कमळजानं मासा खाली टाकला. आता ही आपल्याला मारणार, असं तिला वाटलं असेल.

मथू तिच्या शेजारी मातीत बसली. मग कमळजाच बोलली. "माझ्याकडे सगळं आहे," ती म्हणाली. "पण मी आले म्हणून कुणी उडत येत नाही."

मथू नऊ वर्षांची तर होती. तिनं एवढंच सांगितलं, की तू त्याला बांधलंस तेव्हा मला फार दुखलं. इतकं दुखलं की मला लाडूसुद्धा खाववेना. आणि गाठ तू सोड, मी सोडणार नाही.

कमळजानं गाठ सोडायला घेतली. दोरी त्याच्या लंगड्या पायालाच होती. गाठ तिनंच घट्ट मारली होती, म्हणून वेळ लागला. गाठ सुटली. ढवळू उभा राहिला. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि पंख उघडून भुर्रकन उडाला. मथूनं 'टक टक' केलं. ढवळूनं मान वळवून पाहिलं, पण आला नाही. तो तळ्यावरून पलीकडच्या वेताच्या बेटाकडे गेला. तिथं पुष्कळ बगळे होते.

ढवळू फक्त माझ्याच हाकेला येतो, हे मथूला किती आवडायचं. फक्त माझ्याच. तिनं मनातल्या मनात काळ्या दगडावरचा पहिला शब्द म्हणून पाहिला. तो तिलाही थोडासा लागू पडत होता. तिला त्याचं जरा हसू आलं आणि जरा रडूही.

मग ती उठली. कमळजाला म्हणाली, "चल, घाटावर जाऊ. तू सांग काय केलंस ते. मी शेजारी उभी राहते."

आणि दोघी गेल्या बरं का. गर्दी अजून तिथंच होती. कमळजानं झोपाळ्याचं सांगितलं, मुलींचं सांगितलं, ढवळूचं सांगितलं. आवाज फुटत नव्हता, तरी तिन्ही गोष्टी सांगितल्या. मथू शेजारी उभी होती. कुणी ओरडायला लागलं की मथू त्याच्याकडे नुसतं बघायची, मग तो गप्प व्हायचा. विश्रामदादा पुढे आले. त्यांना वाटलं होतं लेकीला रागवावं, पण त्यांनी तिला उचलून कडेवर घेतलं. अकरा वर्षांची, उंच मुलगी. तिचे पाय त्यांच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. मग त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की यंदा मी प्रमुख राहणार नाही, मी संध्याकाळी घरी असणार आहे.

त्या दगडाचं पुन्हा काय करायचं, यावर गावात पुष्कळ बोलणं झालं. कुणी म्हणालं, परत बुडवू. तात्या म्हणाले, एकदा बुडवून बघितलाय. शेवटी तो शाळेच्या अंगणात ठेवला. पोरं त्याच्यावर बसून डबा खायला लागली. मुळाक्षरं झाली की बाई ते दोन शब्द सगळ्यांना लिहायला लावायच्या आणि मग विचारायच्या, आज कुणाला काही सांगायचं आहे का? कधी कुणाला नसायचं. कधी असायचं. ज्याला असायचं त्याचं सगळे ऐकून घ्यायचे.

मग त्या गावातून हाव आणि दांडगाई गेली का? नाही गेली, बाळांनो. नखं कशी, कितीही सुखात असलं तरी वाढतातच. तशीच तीही प्रत्येक पोराबरोबर नव्यानं यायची. कमळजासुद्धा मधूनच झोपाळ्यावरून उतरायची नाही. मग मथू येऊन नुसती उभी राहायची. कमळजा आणखी दोन झोके घ्यायची, गाल फुगवायची, आणि उतरायची. त्या भांडायच्यासुद्धा. पण एकटीनं सागरगोटे खेळायची वेळ पुन्हा कुणावर आली नाही. केरूनानांच्या घरात चालायला वाट झाली. ढवळूला वेताच्या बेटावर तीन पिल्लं झाली, त्यातलं एकही लंगडं नव्हतं. आणि सगळं गाव पोटभर जेवत, थोडं भांडत, पुष्कळ हसत राहिलं.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा. आणि ते पांघरूण सगळं तुझ्याकडेच कसं गं आलं? सोड जरा, धाकटीचे पाय उघडे पडलेत. हां, असं. आता झोपा.